किल्लारीचं शहाणं लेकरू आणि वॉशिंग मशीन

पत्र्याचं_शेड

आज ३० सप्टेंबर. दरवर्षी या तारखेला काहीतरी लिहायला बसतो आणि पुसून टाकतो. यंदा पुसणार नाही असं बायकोला सांगून बसलोय.

१९९३ साली मी आठ वर्षांचा होतो. गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीला सायकलवर जाता येईल इतक्या अंतरावर. नाव लिहीत नाही, गाव लहान आहे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बुडवून लोक उशिरा झोपलेले. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. वर्षभर आधी, ९२ सालीही धक्के बसले होते. तेव्हा लोक घाबरून बाहेर झोपले, मग सवय झाली आणि परत आत गेले.

आमचं घर माळवदाचं. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडं आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. त्याच मातीखाली आई आणि धाकटा भाऊ राहिले. वडील शेतावर होते. मी आजीजवळ अंगणात. ताई चौदा वर्षांची, तिला दुपारी बाहेर काढलं, जिवंत. त्या पट्ट्यात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. हा आकडा मला मोठेपणी कळला. तेव्हा दोनच माहीत होती.

मी रडलो नाही. आजीला पाणी आणून दिलं, पाकिटं वाटायला गाडी आली की रांगेत उभा राहिलो, ताईची चप्पल शोधली. येणारा-जाणारा डोक्यावर हात ठेवून म्हणायचा, "किती शहाणं लेकरू बघा, डोळ्यात टिपूस नाही." आठ वर्षांच्या पोराला एवढं कौतुक एकदम मिळालं तर तो ते सोडेल का? मी शहाणाच राहिलो. पत्र्याच्या शेडमध्ये, हॉस्टेलात, इंजिनियरिंगला, लग्नात.

आता २०२०. पुण्यात फ्लॅट, मुलगी पाच वर्षांची. २२ मार्चला लोक थाळ्या वाजवत होते तेव्हा आमच्याकडे दोन महिन्यांचा तांदूळ, डाळ, गॅसचं जादा सिलिंडर आणि औषधं होती. सोसायटीत भाजीची यादी मी करायचो, म्हाताऱ्यांना फोन मी करायचो. २०२१ च्या एप्रिलमध्ये ऑक्सिजनसाठी रात्र-रात्र फोन लावले. हात थरथरला नाही. झोपही छान लागायची, आणि हे लिहायला लाज वाटते, पण मला बरं वाटत होतं. सगळं जग माझ्या ओळखीच्या जागी आलं होतं.

ताई लातूरला. ती दिवसातून दहा वेळा फोन करायची. "खोकला नाही ना? पोरगी काय करायली? दार लावलंस का?" मी वैतागायचो. बायकोला म्हणायचो, ताईचं मन कच्चं आहे.

डिसेंबर २०२१. दोन डोस झालेले, ऑफिस सुरू, रविवारची दुपार. बायकोने कपडे लावले होते. वॉशिंग मशीन पिळायला लागलं की आमच्या बाल्कनीची फरशी थोडी थरथरते, तशी रोजच थरथरते. पुढचं मला आठवत नाही. मी खाली पार्किंगमध्ये होतो, अनवाणी, मुलगी कडेवर. ती रडत होती, कारण मी तिला फार घट्ट धरलं होतं. वॉचमन विचारत होता, "साहेब, काय झालं?"

त्यानंतर सहा महिने झोप नाही, छातीत धडधड, लिफ्टने जाणं बंद. हृदयाच्या सगळ्या तपासण्या झाल्या, सगळ्या चोख. शेवटी मानसोपचारांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिल्या भेटीत करोनाबद्दल फार विचारलंच नाही. विचारलं, "तुम्ही याआधी एवढे शांत कधी होता?"

प्रश्न असा आहे: संकट चालू असताना ठणठणीत आणि संकट संपल्यावर कोसळणारा मी एकटाच आहे का?

---

उंबरठा

एकटे नाही. सध्या एवढंच लिहिते.

---

जुना_पुणेकर

लेख मनापासून लिहिला आहे, पण एक सांगतो. आमच्या वेळी हे असलं काही नव्हतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासला. मी नऊ वर्षांचा. नारायण पेठेतला आमचा वाडा गेला, भांडीकुंडी गेली, वडिलांची सर्टिफिकिटं, आईचे दागिने, सगळं गेलं. शाळेत राहिलो, कुणाकुणाकडे राहिलो. पुढच्या वर्षी परीक्षेत पहिला आलो. कुणी आम्हाला समुपदेशन दिलं नाही. मनावर परिणाम वगैरे काही झाला नाही. हल्ली जरा जास्तच चिकित्सा होते असं माझं प्रामाणिक मत.

---

तर्कटी

@पत्र्याचं_शेड, तुमच्याबद्दल आदर ठेवून एक शंका. मोठेपणी काहीही बिनसलं की बालपणात कारण शोधायचं, आणि शोधलं की सापडतंच. भूकंपातून वाचलेली हजारो मुलं लॉकडाउनमध्ये ठीक होती, ती धागे काढत नाहीत. शिवाय आठवण ही काही दगडावरची रेघ नव्हे. दुःखी माणसाला दुःखाचंच आठवतं.

---

केसपेपर

मराठवाड्यात मानसोपचाराची प्रॅक्टिस करतो. इथे कुणाचं निदान करणार नाही, पण तर्कटींची शंका रास्त आहे म्हणून लिहितो.

या विषयावरचा सर्वांत गाजलेला अभ्यास अमेरिकेत सॅन डिएगोला झाला. फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी सतरा हजारांवर प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं. मारहाण, लैंगिक अत्याचार, हेळसांड, घरात दारू, आईवडील विभक्त, घरातलं कुणी तुरुंगात, असे प्रश्न. १९९८ साली पहिले निष्कर्ष छापले. यातल्या चार किंवा जास्त गोष्टी वाट्याला आलेल्यांमध्ये नैराश्य, व्यसन, आत्महत्येचा प्रयत्न यांचं प्रमाण कितीतरी पट जास्त. आता त्यातली मेख बघा. हे सगळं मोठ्यांनी आठवून सांगितलेलं, म्हणजे तर्कटी म्हणतात तीच अडचण. आणि त्या यादीत भूकंप नाही, पूर नाही, दुष्काळ नाही. सगळं घराच्या चार भिंतींतलं. पुढे लोक इंटरनेटवर यातल्या किती गोष्टी आपल्या वाट्याला आल्या ते मोजून स्वतःला गुण द्यायला लागले, तेव्हा खुद्द अँडांनाच लिहावं लागलं की हा आकडा एकेका माणसाचं भविष्य सांगायला वापरू नका.

म्हणून मला दुसऱ्या जातीचे अभ्यास जास्त पटतात, ज्यात मुलं जन्मल्यापासून त्यांच्या मागे राहिले. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनची हजारावर मुलं, १९७२-७३ सालची. त्याही आधी हवाई बेटांतल्या कवाईवर एमी वर्नर यांनी १९५५ साली जन्मलेली ६९८ मुलं धरली. गरिबी, घरात भांडणं, आजारी आईबाप अशा ओझ्याखाली वाढलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं मोठेपणी चांगली, भक्कम माणसं झाली. त्यांच्यात समान काय होतं? त्यातली एक गोष्ट अशी की प्रत्येकाला कुणीतरी एक घट्ट माणूस होतं. आईच असली पाहिजे असं नाही. आजी, मावशी, शिक्षक, शेजारीण, कुणीही.

बाकी शरीराचं गणित. धोका दिसला की मेंदू भोंगा वाजवतो, ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल सुटतं, छाती धडधडते, पोट आवळतं. धोका टळला की भोंगा बंद व्हायला हवा. लहानपणी फार मोठा किंवा वारंवार धोका आला तर काहींचा भोंगा पुढे जराशा कारणानेही वाजतो. काहींच्या बाबतीत उलटं. मायकेल रटर या ब्रिटिश बालमानसोपचारतज्ज्ञाने मांडलं की पेलवेल इतकाच ताण आला तर माणूस पोलादासारखा होतो. आपल्याकडे लोहार कोयत्याला पाणी देतो तसं. पण लोहाराला विचारा, पाणी जास्त झालं की तेच पातं टिचतं.

---

गोधडी

केसपेपर म्हणाले ते 'चार भिंतींतलं', ते आमच्याकडे होतं. आमच्याकडे भूकंप आला नाही, भूकंप रोज संध्याकाळी सातला घरी यायचा. वडिलांच्या चपलांचा आवाज जिन्यात आला की त्यावरून मला कळायचं, किती प्यायलेत. दोन पायऱ्या गाळून पाऊल पडलं की मी भावाला घेऊन शेजारच्या काकूंकडे.

लॉकडाउनमध्ये वडील नव्हते, जाऊन दहा वर्षं झाली होती. नवरा चांगला आहे, पाण्यालाही विचारून उठतो. तरी ४ मे २०२० ला टीव्हीवर दारूच्या दुकानांपुढच्या रांगा दाखवल्या आणि मी स्वयंपाकघरात खाली बसले. उठताच येईना. त्या रांगेतल्या एकेका माणसाच्या घरी कुठलं पोर जिन्याकडे कान लावून बसलं असेल, एवढंच डोक्यात. देशभर लोक विषाणूला घाबरत होते आणि मी चपलांच्या आवाजाला.

माझा भाऊ मात्र ठीक. त्याला फारसं आठवतही नाही. त्याच्यासाठी मी होते ना.

---

उंबरठा

शेवटचं वाक्य वाचून थांबले.

---

पत्र्याचं_शेड

@गोधडी, तुम्ही लिहिलंत त्यावर काय बोलू. एवढंच की मलाही आवाजच आठवतो. भिंत पडल्याचा नाही, त्याच्या आधीचा. जमिनीतून रेल्वे गेल्यासारखा.

@केसपेपर, ते 'एक घट्ट माणूस' वाचून आजी आठवली. आजी होती, नाही कशी. पण तिचं अख्खं घर गेलेलं. ती रात्री शेडच्या पत्र्याला टेकून बसायची. मी जागा झालो की म्हणायची, "झोप लेकरा, मी हाय जागी." तीस वर्षांनी डॉक्टरांसमोर हे सांगताना लक्षात आलं की ती झोपतच नव्हती. आणि सोसायटीत रात्री दोन वाजता ग्रुपवर कुणाचा मेसेज आला की लगेच उत्तर कोण द्यायचं? मी. 'मी आहे जागा.' अगदी तेच शब्द.

---

दूरदेशी

लेस्टरहून. माझ्या शेजारी एक इंग्रज आजी राहायच्या. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध लागलं तेव्हा शहरांतली लाखो मुलं आईवडिलांपासून दूर खेड्यात पाठवली, तशा त्या सहाव्या वर्षी गेल्या. गळ्यात नावाची चिठ्ठी, खांद्याला गॅसमास्कचा डबा. २०२० मध्ये कौन्सिलने एकट्या म्हाताऱ्यांना किराणा पाठवायला सुरुवात केली. खोका दारात ठेवला की या दार उघडायच्याच नाहीत. मी काचेतून विचारलं तर म्हणाल्या, "मला वाटतं कुणीतरी न्यायला आलंय."

अवांतर: त्या काळात लंडनमध्ये ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी युद्धातल्या मुलांसाठी पाळणाघरं चालवली. त्यांना दिसलं ते असं, की बॉम्ब पडत असताना आईजवळ असलेली मुलं त्या मानाने सावरलेली असायची. सुरक्षित खेड्यात, पण आईविना पाठवलेल्यांना जास्त त्रास व्हायचा. वडीलधाऱ्यांचा हिशोब होता, बॉम्बपासून लांब म्हणजे बरं. मुलांचा हिशोब वेगळा निघाला.

---

जुना_पुणेकर

बायकोने धागा वाचला. ती हसते आहे. म्हणते, खरं सांगा सगळ्यांना.

तर खरं असं. आमच्या घरची सगळी कागदपत्रं मी माळ्यावर ठेवतो. प्लास्टिकच्या तीन पिशव्या, एकात एक, वर सुतळी. साठ वर्षं. १९८४ साली तळमजल्याचा फ्लॅट निम्म्या किमतीत मिळत होता तो घेतला नाही. चौथा मजला घेतला, लिफ्ट नसलेला. आता गुडघे गेलेत. २६ जुलै २००५ ला मुंबईत एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला तेव्हा मुलगा अंधेरीत अडकला होता. फोन लागत नव्हता. मी रात्रभर माळ्यावरून पिशव्या खाली काढून, उघडून, पुन्हा बांधत होतो. हिने विचारलं तर म्हणालो, आवरतोय.

याला परिणाम म्हणायचं की व्यवस्थितपणा, तुम्ही ठरवा.

---

तर्कटी

नाना, तीन पिशव्या एकात एक म्हणजे मी वाद मागे घेतो. 🙂

पण माझा मूळ मुद्दा अर्धा तरी राहू द्या. नानांना त्या सवयीचा त्रास नाही, म्हणजे तो आजार नाही. सगळ्याच खुणा जखमा नसतात.

---

केसपेपर

याला शंभर टक्के सहमत. आमच्या मोजपट्टीत प्रश्न एवढाच: झोप, काम, माणसं, यातलं काही बिघडलं आहे का? पिशव्यांमुळे नानांचं काही बिघडलं नाही. गुडघे सोडून.

धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर राहिलं. एकटे नाही आहात. आघाताचा त्रास उशिरा वर येणं, सहा महिन्यांनी, कधी कित्येक वर्षांनी, हे आमच्या पुस्तकांत नोंदलेलं आहे. माझ्या अनुभवात एक नमुना पुन्हा पुन्हा दिसतो. ज्यांना लहानपणीच मोठं व्हावं लागलं ते संकटात उत्तम काम करतात. काम आहे तोवर भोंगा वाजला तरी त्याचा उपयोग होतो, त्या ताकदीवर माणूस धावतो. मग काम संपतं. सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि याच्याकडे भोंगा उरतो, धावायला जागा नाही. २०२१ च्या अखेरीस माझ्या ओपीडीत असे पुष्कळ आले. नर्स, पोलीस, वॉर्डबॉय, आणि घरातली 'कर्ती' मुलगी. प्रत्येकजण म्हणायचा, आता तर सगळं ठीक आहे, आताच का?

ठीक आहे म्हणूनच, असं मी सांगतो. थांबायला जागा मिळाली.

उपचार असतात आणि लागू पडतात. बोलण्याचे, हळूहळू त्या आठवणीकडे आणि टाळलेल्या गोष्टींकडे परत नेणारे, गरज असेल तर गोळ्या. जवळपास कुणी नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

---

कृष्णाकाठची_बाई

सांगली जिल्ह्यात प्राथमिक शाळेत शिकवते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या वर्गखोल्यांत फळ्याच्या वरपर्यंत पाणी होतं. २०२१ च्या जुलैत पुन्हा. मधे करोना. म्हणजे जे पोर २०१९ ला पहिलीत होतं त्याने तिसरीपर्यंत शाळा कमी आणि संकटंच जास्त पाहिली.

डॉक्टरांना विचारायचं आहे. २०१९ ला एक पाहुणे आले होते, त्यांनी मुलांना गोलात बसवून एकेकाला "काय काय झालं ते सांग, मोकळा हो" असं केलं. दोन पोरी रात्रभर झोपल्या नाहीत. हे बरोबर का?

---

केसपेपर

बरोबर नाही. आघातानंतर लगेच सगळ्यांना एकदाच बसवून उकरून काढायला लावणं, याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनाही करत नाही. पहिल्या दिवसांत लागतं ते साधं असतं: अन्न, कोरडं अंथरूण, आपली माणसं एकत्र, पुढे काय होणार याची खरी माहिती. मूल आपणहून बोललं तर ऐका. न बोलणाऱ्याला खोदू नका आणि न रडणाऱ्याचं कौतुकही करू नका.

तुम्ही स्वतः काय केलंत?

---

कृष्णाकाठची_बाई

काही नाही. घंटा वेळेवर दिली. पटावर बसायला कोरडी जागा नव्हती, तर देवळात शाळा भरवली, पण प्रार्थना, परवचा, मधली सुट्टी, सगळं त्याच वेळेला. चित्रं काढू दिली. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी पाणी काढलं, निळा खडू संपला. एका मुलाने म्हैस काढली, फक्त शिंगं पाण्यावर. महिन्याभराने त्याने तीच म्हैस गोठ्यात काढली. मी काही बोलले नाही, चित्र भिंतीला लावलं.

---

गोधडी

त्या शेजारच्या काकूंनीही मला कधी काही विचारलं नाही. दार उघडायच्या आणि म्हणायच्या, "आलात? बरं झालं, भाकऱ्या जास्त झाल्यात." रोज जास्त व्हायच्या. हे लिहीपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं की रोज कशा जास्त होतील?

---

पत्र्याचं_शेड

परवा गावाकडे जाऊन आलो. म्हणजे नव्या गावाकडे. बाहेरच्यांना सांगतो, बावन्न गावं पूर्ण नव्या जागी वसवली. जमीन किती त्यावर घर, कुणाला २५० चौरस फूट, कुणाला ७५०. सरळ रस्ते, शहरासारखे चौक. आजीला त्या गावात शेवटपर्यंत वाट सापडली नाही, सगळे कोपरे सारखेच. तिने पक्क्या घरात कडबा ठेवला आणि मरेपर्यंत पुढच्या पत्र्याखालीच झोपली. लोक हसायचे. मीही हसायचो.

ताईला मुद्दाम बोलावलं होतं. मुलगी बरोबर. जुन्या गावाच्या जागी बाभळी आहेत आणि दगड. ताईने आमचं घर बरोबर दाखवलं. मला ओळखता आलं नसतं. मग तिने पहिल्यांदाच सांगितलं, आत असताना काय झालं ते. अंधारात तिला आईचा हात सापडला होता. आई बराच वेळ बोलत होती, "हाका मार, तू हाका मार, मी दमले." ताई दुपारपर्यंत हाका मारत राहिली. त्या हाका ऐकूनच लोकांनी ती जागा खणली.

मी तिथेच खाली बसलो. रडलो असं लिहिणार होतो, पण खरं सांगायचं तर हंबरडा फोडला. आठ वर्षांच्या पोरासारखा. मुलगी घाबरली नाही, पाठीवर हात ठेवून उभी राहिली. तिला म्हणालो, "तू जा, आत्याजवळ जा, मला सांभाळू नकोस." डॉक्टरांनी शिकवलेलं एवढं एक तरी वेळेवर आठवलं.

दिवसाला दहा फोन. ती हाका मारत होती, आणि मी तिला कच्च्या मनाची म्हणत होतो.

वॉशिंग मशीनखाली बायकोने रबराचे तुकडे घातलेत, थरथर कमी झाली आहे. पूर्ण गेलेली नाही. पिळायला लागलं की मी फरशीवर हात ठेवून बसतो, साधारण सात मिनिटं.

बाकीच्यांना नंतर उत्तरं देतो. ताईचा फोन येतोय, आजचा चौथा.